वारं कुठून होतं?

फोन आला तेव्हा आम्ही नवरा-बायको भांडत होतो. कूलरचा वाळा बदलायचा होता आणि मी आज करतो, उद्या करतो म्हणत होतो, एवढंच कारण. शोभानं रिसीव्हर उचलला, दोनदा "हो" म्हणाली, तो माझ्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद केला. हिंगणघाटच्या कॉलेजातला शिपाई बोलत होता. यशवंत सर वर्गावर जाता जाता जिन्यातच बसले, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत... पुढचं त्याला बोलवेना. यशवंत म्हणजे शोभाचा धाकटा भाऊ, माझा साळा. गणित शिकवायचा. पन्नाशीही गाठली नव्हती. आम्ही वर्ध्याहून एसटीनं निघालो. रस्त्यात एका शेताच्या धुऱ्यावरचं वाळलेलं गवत जळत होतं, कोणी तरी विडी टाकली असेल. शोभा पदर तोंडाला लावून रडत होती आणि मी खिडकीतून धूर कोणीकडे झुकून राह्यला ते पाहत होतो. तिनं ते पाहिलं. ही सवय मला वनखात्यानं लावलेली नाही, तिच्याच भावानं लावलेली आहे.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, कॉलेजात शोकसभाही होऊन गेली. तिथे जो उठला तो म्हणाला, थोर गणिती गेला. कशाचं गणित करायचा, हे मात्र एकालाही धड सांगता आलं नाही. एकजण म्हणाले, "पर्यावरणविषयक." मला हसू आलं आणि चीडही आली. मी रिटायर वनपाल, मॅट्रिकला गणितात काठावर पास झालेला माणूस. पण ते गणित कशाचं होतं हे मला पक्कं माहीत आहे, कारण ते बरोबर निघालं काय आणि चूक निघालं काय, आगीसमोर मी आणि माझी माणसंच उभे असायचो. म्हणून लिहायला बसलो. लिहायचं अंगात त्राण आहे असं नाही. हल्ली कशाचंच नाही.

वणवा वाऱ्यानं पसरतो, हे शेंबडं पोरही सांगेल. यशवंताचं म्हणणं, हे अर्धंच झालं. आगसुद्धा वाऱ्याला हाकते. आग पेटली की तापलेली हवा वर उठते, तिची जागा भरायला आजूबाजूची हवा धावून येते. म्हणजे आग आपलं वारं आपणच तयार करते. त्या वाऱ्यानं आग बदलते आणि बदललेल्या आगीनं पुन्हा वारं बदलतं. त्याला जी जुनी गणितं मिळाली त्यांत वारा एकदाच मोजून घेत आणि त्यावरून आग किती धावेल ते काढत. त्याला दोघांना एका दावणीला बांधायचं होतं. हे वेड लहानपणचं. आंजीला त्यांचं शेत होतं. हंगाम सरला की पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, उपटून ढीग लावून पेटवायच्या. तोंड भाजते अन् पाठीले गार वारं लागते, हे काऊन, असं तो बापाला विचारायचा. बाप म्हणायचा, काम कर. शिकून प्राध्यापक झाला तरी त्याच्या डोक्यातून ती पाठ काही गेली नाही.

हिंगणघाटला नोकरी लागल्यावर एका जिनिंगच्या मागे त्यानं दोन खोल्या घेतल्या आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. लग्न केलं नाही. शोभानं मुली दाखवून दाखवून हात टेकले. मी त्या वर्षांत गिरडकडच्या टेकड्यांत होतो. आमच्याकडे खरा वणव्याचा हंगाम मोह पडायला लागला की सुरू होतो. झाडाखाली पाला असला तर पडलेली फुलं दिसत नाहीत, म्हणून लोक पाला पेटवून जागा साफ करतात. त्यांचंही चूक नाही, आणि ते पेटवणं कधी टेकडीवर चढतं ते त्यांनाही कळत नाही. मग आम्ही पळसाच्या डहाळ्या घेऊन धावायचो. आग मोठी असली की डहाळ्यांनी काही होत नाही. तेव्हा तिच्या वाटेवर पुढे जाऊन आपणच दुसरी आग लावायची. दोन्ही समोरासमोर येतात, मधलं गवत संपतं, आग मरते. सांगायला सोपं आहे. पण लावलेली आग समोर जायच्याऐवजी उलटून आपल्याच अंगावर आली, तर पळायला जागा नसते. एका उन्हाळ्यात माझ्या भुवया अशाच गेल्या. शोभानं मला पाहून ताटच खाली ठेवलं आणि भावाला बोलावून घेतलं. तो आला, माझं तोंड नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, "भाऊजी, तुम्ही लावली तवा वारं कुठून होतं?" कसं आहे, दुखतं का, ते काही नाही. मी शोभाला म्हटलं, तुझा भाऊ माणूस नाही. पण त्याच उन्हाळ्यापासून त्याचं गणित टेकडीवर आलं, ते माझ्यामुळे, हे मला माहीत होतं.

पुढची किती तरी वर्षं सुट्या लागल्या की तो आमच्याकडे मुक्कामाला. लाकडाची चौकट घेऊन टेकडीवर जायचा, ती गवतात कुठेही टाकायचा, आतलं गवत कापून वाळवून तोलायचा. माझे फायर वॉचर, म्हणजे उन्हाळ्यापुरते लावलेले रोजंदारीचे मजूर, त्याला हसायचे. सर गवत तोलते, ढोरं विकत घेणार हायेत काय, म्हणायचे. जिनिंगमधला कापूस त्याच्या खिडकीच्या जाळीला नेहमी चिकटलेला असायचा. तो घेऊन त्यानं बांबूच्या काठ्यांच्या टोकांना दोऱ्यानं कापसाचे पुंजके बांधले आणि आगीजवळ प्रत्येकाला एकेक काठी धरायला दिली. धुरात वारं कळत नाही, कापसावरून कळतं. सुरुवातीला आलेखाच्या कागदावर टेकडीच्या चौकटी पाडून तो हातानंच हिशेब करायचा. या चौकटीत गवत किती, आच किती, वारं किती, मग शेजारची चौकट, मग तिच्या वाऱ्यानं पहिलीत काय फरक पडला, परत मागे. एक मिनिटाची आग काढायला त्याची एक सुटी जायची. पुढे कॉलेजात कॉम्प्युटर आले, मग तो रविवारी तिथे जाऊन बसायला लागला. मी म्हणायचो, अरे, हिंगणघाटातल्या माणसानं वणव्याचं गणित करायचं म्हणजे आमच्या शेतात समुद्राची गोष्ट. तो हसायचा. रागवायचा मात्र कधीच नाही. चिडायचं काम आमच्या घरात माझ्याकडेच होतं.

शेवटी एका उन्हाळ्यात त्यानं आम्हाला सगळ्यांना झाडाखाली बसवून सांगितलं. आग दूर असते तेव्हा कापूस आगीकडून तुमच्याकडे उडतो. तेव्हा माचिस ओढायची नाही. तुम्ही घाबरून तेव्हाच ओढता आणि भाजता. थांबायचं. आग जवळ येईल, कापूस ढिला पडेल, लटकेल, आणि मग आगीकडे ओढला जाईल, कारण आता आग तुमच्या पाठीमागची हवा ओढून राह्यली. तेव्हा लावायची. मी विचारलं, जवळ म्हणजे किती जवळ? त्यानं सांगितलं. तेवढ्या जवळ उभं राहायचं म्हणजे भुवयाच काय, तोंडही जायचं. तोही ते जाणून होता. म्हणाला, मी जबरदस्ती नाई करत, भाऊजी, पयले मी उभा राहतो. आणि त्याच हंगामात, सपाटीवरच्या एका आगीत, तो खरंच माझ्या शेजारी काठी घेऊन उभा राहिला. चष्म्यावर राख, ओठ पांढरे. कापूस लटकला. आणि मग माझ्या मानेवर गार वारं आलं... माझ्या नोकरीत तेवढं सुख मला कधी झालं नाही. आम्ही आग लावली, ती शहाण्यासारखी समोर गेली. खाली आल्यावर सगळ्यांनी त्याला चहा पाजला आणि तो तिथेच मातीत बसून ओकला.

त्यानंतर दोन-तीन उन्हाळे आम्ही तसंच केलं. कोणाला साधा फोड आला नाही. मग दौलतचं झालं. दौलत टेकडीखालच्या वस्तीतला, माझा सगळ्यात भरवशाचा वॉचर. त्या दिवशी आग लांबच लांब पसरली होती, यशवंत कॉलेजात होता आणि माणसांनी जागा आपसात वाटून घेतल्या. दौलत एकटा एका नाल्याच्या डोक्याशी उभा राहिला, म्हणजे कोरडा नाला खालून चढत येऊन टेकडीवर जिथे संपतो तिथे. आग नाल्यातून वर आली. आम्ही पोचलो तेव्हा त्याचे दोन्ही हात आणि मानेची एक बाजू जळाली होती. जीव वाचला. बोटं मात्र आखडून एकमेकांना चिकटली, ती कायमची.

यशवंत दवाखान्यात गेला तेव्हा मी सोबत होतो. तो खाटेजवळ उभा राहून दौलतच्या हातांकडे पाहत राहिला. मग त्यानं तेच विचारलं, जे माझ्या भुवया गेल्या तेव्हा विचारलं होतं. वारं कुठून होतं? यावेळी त्याचा आवाज फाटला होता. दौलतनं डोळे मिटूनच सांगितलं, "वारं फिरलतं, सर. पाठीवर आलतं. मीच लावाले उशीर केला." बाहेर आल्यावर मी यशवंताला म्हटलं, चल, तुझ्या गणिताची चूक नाही, झालं तुझं समाधान? तो म्हणाला, फिरलं होतं तर एवढी आग वर आली कशी? मी म्हटलं, आता पुरे कर.

पण त्यानं पुरे केलं नाही. इथून पुढची वर्षं आठवली की मला थकवाच येतो. आम्ही त्याला इतकं बोललो की फक्त मारायचं बाकी ठेवलं. गोष्ट एवढीच होती. दौलत जळला तो त्याच्या स्वतःच्या उशिरानं, की यशवंताच्या हिशेबानं? दौलत म्हणत होता उशिरानं. यशवंताला ते मानून गप्प बसता येत नव्हतं. त्यानं नाला मोजला, उतार मोजला, सगळा नाला त्या चौकटींमध्ये घातला. आणि दरवेळी कॉम्प्युटर एकच सांगायचा की नाल्याच्या डोक्याशी वारं फिरतच नाही. नाला धुराड्यासारखा खालूनच हवा ओढत राहतो, वर उभ्या माणसाच्या पाठीमागची हवा हलत नाही. पण दौलत तर म्हणत होता, फिरलं होतं! मग यशवंत आपल्याच गणितात चूक शोधायला बसायचा. गवताचं वजन बदलून पाहा, आच बदलून पाहा, पुन्हा मांड. मी एकदा वैतागून म्हटलं, अरे, त्या जळणाऱ्या माणसाला काय समजलं असेल वारं कुठून होतं ते? यशवंत म्हणाला, "तो तिथं होता, भाऊजी. मी नवतो. तिथं असलेल्या माणसापेक्षा माहं गणित मोठं नाई." त्यानं काही छापलं नाही, कुठल्या परिषदेत बोलला नाही. बरोबरीचे लोक विभागप्रमुख झाले. शोभा त्याच्या डोळ्यांखाली पाहायची आणि मला म्हणायची, तुमच्या जंगलानं माझा भाऊ खाल्ला. मी उलट बोलायचो, पण जेवण जायचं नाही.

दर महिन्याला तो दौलतकडे जायचा. हिंगणघाटहून गिरडची बस, पुढे पायी. गेला की थोडं इकडचं-तिकडचं बोलायचा आणि मग विचारायचा, वारं कुठून होतं, नीट आठव. दौलत तेच सांगायचा. हे मला दौलतच्या बायकोकडून कळायचं. ती म्हणायची, सरले समजावा, आमचं आम्ही विसरलो, त्याईलेच विसरता येऊन नाई राह्यलं.

माझ्या रिटायरमेंटच्या आधीच्या हिवाळ्यात यशवंत एकदा घरी आला. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला. हात धुता धुता म्हणाला, भाऊजी, यंदापासून नाल्याच्या डोक्याशी कोणालेच उभं करू नका, नाला सोडून द्या, आग वर येऊन सपाटीवर पसरली की मग अडवा. मी विचारलं, म्हणजे लागला तुझा हिशेब? तो म्हणाला, लागला. चूक कशात होती? यावर तो टॉवेलला हात पुसत राहिला आणि म्हणाला, "गणितात नवती." मला वाटलं, थकला बिचारा, काही तरी सांगून मोकळा झाला. मी पुढे विचारलं नाही. पण त्या उन्हाळ्यात मी सगळ्या नाल्यांवरून माणसं काढून घेतली, आणि माझ्यानंतर आलेल्यांनीही ते चालू ठेवलं आहे.

यशवंत गेल्यावर काही आठवड्यांनी आम्ही त्याच्या खोल्या रिकाम्या केल्या. पुस्तकं कॉलेजला दिली, खाट शेजाऱ्याला. एका कोपऱ्यात कापूस बांधलेल्या काठ्या होत्या, त्या शोभानं उचलल्या आणि रिक्षात घातल्या, कशाला म्हणून मी विचारलं नाही. मग मी एकटाच दौलतकडे गेलो. तो हिंगणघाटला मातीला आला होता, पण गर्दीत लांबूनच जय भीम करून परत गेला होता. घरी मला पाहून त्यानं खुर्ची दिली, स्वतः खाली बसला. चहा झाला. दौलतनं कप बाजूला सारला. मग म्हणाला, "साहेब, एक सांगतो, रागवू नोका. त्या दिवशी वारं फिरलंच नवतं."

मला आधी समजलंच नाही.

"कापूस माह्याच तोंडावर येत होता," तो म्हणाला. "मी पाहात राह्यलो. म्हटलं, आता फिरन, मंग फिरन. सरानं सांगतलं होतं ना, फिरते म्हणून... थांबलो."

मी म्हटलं, "मग त्याले काऊन सांगितलं, फिरलं म्हणून?"

"दवाखान्यात आले तवा माह्या हाताकडेच पाहत होते ते. मेल्यासारखं तोंड झालं होतं. मी म्हटलं, आपलं त जळलंच हाये, या मानसाले काऊन जाळाव. अन् एकदा सांगतलं त मंग सांगतच राहा लागलं."

खरं सांगतो, मला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. इतकी वर्षं! खरं बोलला असता तर यशवंताला एका रविवारी सगळं उमजलं असतं. त्याचं गणित पहिल्यापासून बरोबर सांगत होतं, नाल्यात वारं फिरत नाही म्हणून, आणि हा शहाणा दयेपोटी त्याला खोटं पाडत राहिला, आणि तो दुसरा शहाणा याच्या शब्दासाठी खरं गणित मोडत बसला. मी उठून अंगणात दोन फेऱ्या मारल्या. परत आलो तेव्हा दौलत तसाच बसलेला. म्हणाला, बरं झालं, शेवटी शेवटी सरानं विचारणंच सोडलं होतं. मी विचारलं, केव्हापासून? त्यानं जरा आठवून सांगितलं, तुम्ही रिटायर झाले ना साहेब, त्याच्या आधीच्या थंडीपासून. येत, बसत, माह्या बोटाले तेल चोळून देत अन् चाल्ले जात. वाऱ्याचं नावच नाई.

मी खुर्चीत बसलो. त्याच थंडीत यशवंत आमच्याकडे पोटभर जेवला होता. चूक गणितात नव्हती म्हणाला होता, ते मी थकव्याचं बोलणं समजलो. त्याला कळलं होतं. चूक गणितात नाही तर दौलतच्या उत्तरात आहे, आणि ते उत्तर दौलतनं का दिलं, हेही कळलं होतं. दौलत आपल्या सांगण्यावरून थांबला म्हणून जळला, हे कळलं होतं. ते सगळं घेऊन तो आणखी दोन वर्षं या ओसरीवर येऊन बसत होता, आणि दौलतनं दिलेलं उत्तर त्यानं दौलतजवळच राहू दिलं.

मी दौलतला हे सांगितलं. त्यानं पुन्हा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाला, "म्हणजे त्याईले मालूम होतं? मंग मले काऊन नाई बोलले?"

मी म्हटलं, "तू काऊन नाई बोलला?"

तो मान खाली घालून रडायला लागला. त्याला डोळे पुसता येत नव्हते, त्या हातांनी पुसता येत नाहीत. मी त्याच्या बायकोला आवाज दिला आणि तेलाची बाटली मागितली. ती घेऊन आली. मी खाली बसून त्याचा उजवा हात मांडीवर घेतला, पण कुठून सुरुवात करायची ते मला माहीत नव्हतं.

"सर अंगठ्यापासून करत," दौलत म्हणाला.